गोवराच्या गल्लीतून

९ फेब्रुवारी

ठेंगू,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण ते डाव्या हाताचं आहे. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. हात बरा आहे, दुखत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तेच सांगते.

हे पत्र तुझे वकील त्यांच्या फायलीतून आत आणतील. तुरुंगात येणारं टपाल उघडून वाचतात, वकिलांची फाइल वाचत नाहीत, असं तेच म्हणाले. म्हणून मोकळेपणानं लिहिते. वर्षभर तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. सहा फुटी वेल्डर, दारातून शिरताना मान वाकवावी लागते, आणि सख्खी बहीण समोरून आली की दूधवाल्याच्या टपरीमागे लपतो. मला हसू यायचं. आता कुठे लपायची सोय नाही, तेव्हा निमूट वाच.

गल्लीत गोवर आलाय. आधी शिंपिणीच्या मुलीला झाला, मग तिच्या शेजारच्या दोघांना. गोवर कसा असतो ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार. आजारी मूल खोलीत खोकून निघून गेलं तरी दोन-दोन तास तो त्या हवेत राहतो. ज्यांच्या अंगात त्याच्याशी लढायची तयारी नाही अशी दहा मुलं त्या खोलीत नेली तर नऊ आजारी पडतात. तुझ्या चिमीच्या अंगात ती तयारी नाही. तिची मावशी-मावशी म्हणून शिंपिणीच्या घरी ये-जा चालू असते, हे मी तुला सांगायला नको. आता ती बंद केलीय, पण बोळ एकच आणि खिडक्या समोरासमोर.

मी काल लसीचा डबा घेऊन गेले होते. तुझी बायको दारात आडवी उभी राहिली.

"वन्सं, या, चहा घ्या. तो डबा तेवढा बाहेर ठेवा."

"डब्यात बाँब नाही गं."

"त्या डब्यातनंच माझा मुलगा गेला. ह्यांनी सांगितल्याशिवाय मी हिच्या दंडाला हात लावू देणार नाही. ते आत आहेत आणि बाहेर मी त्यांचा शब्द मोडला, असं व्हायचं नाही."

आई पलंगावरून म्हणाली, "तिला छळू नकोस. आधीच एक हात मोडून घेतलायस."

मोडून घेतलाय, म्हणे.

तर मागणं एवढंच. बायकोला एक ओळ लिही, चिमीला टोचू दे म्हणून. तिला वाचता येत नाही, आई वाचून दाखवेल. बाकी आपलं जे काय आहे ते पुढे बघू. पोलिसांना मी इस्पितळात काय सांगितलं ते तुला कळलं असेलच. तुम्ही लोकांनी आमची लसीची गाडी अडवलीत, गर्दी झाली, मी पडले, ड्रायव्हरकाकांच्या डोक्यात पाइप कुणी घातला ते मला दिसलं नाही.

उत्तर लगेच दे.

ताई


१४ फेब्रुवारी

ठेंगू,

तुझा निरोप वकिलांनी दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून सांगितला. ताई कोर्टातही तेच सांगणार असेल, तर चिमीला टोचायला हरकत नाही. जबाब बदलणार असेल, तर पोरीला हात लावू देऊ नका. वकील तसे बरे गृहस्थ आहेत. हे सांगताना माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होते.

ओलीस ठेवायला तुला स्वतःचीच पोर सापडली.

वकिलांना उत्तर नंतर देईन. आधी हे वाच.

तुझा राग मला पाठ आहे. तुझ्या मुलाला मी टोचलं आणि चौथ्या दिवशी त्याला ताप भरला, मग अंगभर पुरळ. म्हणजे मी मारलं. त्याच्या अंगात गोवर आधीच शिरलेला होता, ठेंगू. लस आत गेल्यावर शरीराला दुश्मन ओळखून तयारी करायला दोनेक आठवडे लागतात. गोवर तोवर दारात थांबला नाही, तो आधीच घरात होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि तू जेवणाचं ताट माझ्या तोंडावर फेकलंस. भुवईवर खूण आहे अजून.

ताट फेकल्यामुळे पुढचं सांगायचं राहून गेलं. तो गोवरानं गेला नाही. गोवर उतरला होता. आईनं त्याचं अंडं बंद केलं, दूध बंद केलं, भाजी बंद केली, तेलाचा थेंब दिला नाही. खाऊ घातलं की अंगावरचं वाढतं, म्हणे. तीन आठवडे पातळ पेज. गोवर अंगातली ताकद ओरबाडून नेतो, त्या वेळी दुप्पट द्यायचं असतं, आणि आपण होतं तेही काढून घेतलं. संध्याकाळी तो चौकटीवर आदळायचा आणि सगळे हसायचे, बापासारखाच वेंधळा आहे म्हणून. त्याला अंधुक उजेडात दिसत नव्हतं. पोटात अन्न नसलं की डोळे असे जातात. मग छाती भरली. लढायला आत काही उरलंच नव्हतं.

हे लिहून मी तुला मारतेय, ते मला कळतंय. डाव्या हातानं एवढंच मारता येतं.

आणखी एक गोष्ट, ही मला परवाच कळली. टोचलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर आम्ही शाईची खूण करतो, म्हणजे दुसरं पथक आलं तर तेच मूल पुन्हा टोचत नाही. आमची गाडी फुटल्यावर चार दिवसांनी शेजारच्या केंद्रातलं पथक पोलीस घेऊन तुमच्या गल्लीत आलं. त्यांनी मुलांची नखं बघितली. सगळी रंगलेली. त्यांना वाटलं, मार खायच्या आधी आमचं काम झालेलं असणार. 'गल्ली पूर्ण' असं लिहून ते निघून गेले. आमच्या डॉक्टरीणबाईंनीही ते खरं धरलं, कारण खूण खोटी असू शकते हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच येत नाही.

परवा मी चिमीचं नख हातात धरून बघितलं. आमची शाई एव्हाना फिकी पडायला हवी. हिचं नख काळं कुळकुळीत, वर चकाकी. लोखंडावर माप खुणवायचा तुझा तो रंगाचा पेन.

तुझी बायको हसत म्हणाली, "अहो, ह्यांनीच तर तुमची गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांची नखं रंगवली. पोरांची रांग लावली होती. रडणाऱ्याला गोळी देत होते."

रांग लावलीस, गोळ्या दिल्यास. माझ्यापेक्षा चांगला लसवाला झाला असतास.

नखं रंगवून झाली होती, मग गाडी का अडवलीस, हा प्रश्न मला पडला होता. आता पडत नाही. गाडीत मी होते. माझ्या भाचीला टोचलंय की नाही, हे मला नख दाखवून पटवता आलं नसतं.

पथक पुन्हा पाठवा म्हणून मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या गल्लीत जायला माझ्याकडे ड्रायव्हर उरलेला नाही. असलेले तयार नाहीत."

अट मागे घे.

ताई


१९ फेब्रुवारी

ठेंगू,

शिंपिणीची मुलगी आज सकाळी गेली.

तिचं तोंड आतून सोलवटलं होतं. पाणी ओठाला लावलं की किंचाळायची, मग किंचाळायचीही थांबली. डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं. मी अ जीवनसत्त्वाचा डोस घेऊन मागच्या दारानं गेले, पण त्याला उशीर झाला होता. शेवटी तिला झटके आले, आणि शिंपीण तिला दोन्ही हातांनी दाबून धरत होती, जणू कुणी ओढून नेतंय. मग ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी एका हातानं तिला आवरू शकले नाही. भिंतीवर रक्त लागलं.

बाहेर टायरवाला आणि तुझे बाकीचे दोस्त उभे होते. तुला वाटेल, सांत्वनाला आले असतील. शिंपिणीनं नर्सला घरात घेतलं म्हणून पोर गेली, असं त्यांनी ठरवलं होतं. मयत न्यायला गाडी आली, तिच्यावर दगड पडले. एक दगड काचेतून आत आला आणि त्या गुंडाळलेल्या मुलीवर पडला. मेलेल्या पोरीला दगड लागला, ठेंगू. टायरवाल्याचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग त्यानं दुसरा उचलला.

मी मोरीच्या खिडकीतून बाहेर पडले. प्लास्टर अडकलं, ते तसंच ओढलं.

चिमी तिच्या खिडकीत उभी होती. मला बघून टाळ्या वाजवत होती. दंड काडीसारखे आहेत तिचे. गल्लीत आजार आहे म्हणून आईनं आधीच तिचं पथ्य सुरू केलंय. आजार यायच्या आधीच.

"आई, तिला अंडं दे," मी म्हटलं.

"तू तुझ्या दवाखान्यात दे अंडी. माझ्या घरात माझी पद्धत चालते."

"तुझ्या पद्धतीनं एक गेला."

आईनं हातातला पेला माझ्या दिशेनं भिरकावला. नेम चुकला. फेकाफेकीची विद्या तुला कुठून आली, ते निदान समजलं.

दुपारी ड्रायव्हरकाकांची बायको दवाखान्यात आली होती. काकू कधी मोठ्यानं बोलत नाहीत. बाकावर बसल्या, पदरानं चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "ह्यांचं डोकं फुटलं तेव्हा तू शेजारी होतीस. तुला दिसलं नाही म्हणतेस. पोरी, तू रोज केसाएवढ्या सुईनं पोरांना टोचतेस. तुला दिसलं नाही?"

मी म्हटलं, "काकू, गर्दी होती."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. जाताना त्यांनी माझ्या प्लास्टरवरून हात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वकिलांना मी हो सांगितलंय. कोर्टात माझा आधीचाच जबाब राहील. आता चिठ्ठी पाठव.

ताई


२२ फेब्रुवारी

ठेंगू,

चिठ्ठी मिळाली. 'ताईला टोचू दे. आईचं ऐकू नकोस.' दुसरं वाक्य तू घातलंस, त्याबद्दल आभार मानू की आईनं ते वाचताना केलेलं तोंड तुला रंगवून सांगू? तिनं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि दुसऱ्याला खोकला काढला. तुझी बायको म्हणाली, "आत्याबाई, खोकल्याच्या जागी काय लिहिलंय?" सासूला आत्याबाई म्हणणारी तुझी बायको बावळट नाही, हे आम्हाला दोघींना त्या दिवशी कळलं.

चिमीला काल टोचलं. उजवा हात चालत नाही म्हणून डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, स्कूटरवर, डबा पायांत धरून. दंडाला सुई लागली तेव्हा चिमीनं त्यांचा चष्मा ओढून काढला. अ जीवनसत्त्वाचा डोसही दिला. तो कडवट-तेलकट लागतो, तिनं अर्धा माझ्या कुडत्यावर थुंकून टाकला, मग पुन्हा दिला.

यात एक गंमत झाली. गोवराच्या लसीची बाटली दहा मुलांची असते. एकदा पाणी घालून मिसळली की सहा तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका पोरीसाठी बाटली फोडलीय. नऊ डोस वाया जातील, पण जाऊ देत."

तुझ्या बायकोनं ते ऐकलं. लगेच चिमीला कडेवर घेऊन मागच्या बोळात गेली. थोड्या वेळानं मोरीच्या दारातून टायरवाल्याची बायको आली, पोरगं पदराखाली झाकून. मग कोपऱ्यावरच्या गवंड्याची. मग दोघी बहिणी, एकीचा नवरा तुझ्याच बरॅकमध्ये आहे. सगळ्यांची पोरं काळ्या नखांची.

"कुणी बघितलं तर?" टायरवाल्याची बायको म्हणाली.

"भांडी घासायला आलीस म्हण," तुझी बायको म्हणाली.

"पोराला घेऊन?"

"ते भांडंच आहे म्हण."

मोरीत दाटीवाटीनं बसलेल्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. बाटली संपली. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक फोडली, तीही संपली.

आता दोन आठवडे. त्याच्या आत गोवरानं गाठलं नाही म्हणजे मिळवलं. आठवड्या-दीड आठवड्यानं तिला थोडा ताप येईल, कदाचित पुरळही येईल. तो आजार नसतो, शरीर कामाला लागल्याची खूण असते. हे मी तुझ्या बायकोला तीनदा सांगितलंय. तुलाही सांगून ठेवते, कारण तुझ्या कानावर ते वेगळंच जाईल.

ताई


३ मार्च

ठेंगू,

तुझ्या कानावर काय गेलंय ते वकिलांकडून कळलं. चिमी गेली असं टायरवाल्याच्या दोस्तांनी आत कळवलं आणि तू बरॅकच्या दारावर डोकं आपटून घेतलंस, तुला टाके पडले. चिमी जिवंत आहे. हे आधी लिहायचं म्हणून बाकीचं थांबवून लिहिते. आत्ता ती माझ्या मांडीवर आहे आणि हे पेन ओढतेय.

तिला परवा ताप आला. मानेवर थोडे लाल ठिपके. मी सांगितल्याप्रमाणेच सगळं होत होतं, पण खरं सांगते, तिचा गरम हात हातात घेतल्यावर मला तुझा मुलगा आठवला. पहिल्या वेळीही असंच सुरू झालं होतं. ताप लसीचा की गोवराचा, हे त्या घटकेला मलाही सांगता येत नव्हतं. खोकला नाही, डोळे लाल नाहीत, तोंडात आत पांढरे ठिपके नाहीत, असं मी पुन्हा पुन्हा टॉर्च लावून बघत बसले.

आईला राहवलं नाही. तिनं खिडकीतून शेजारणीला सांगितलं, "हिलापण ताप आणला बघा." बस, एवढंच. दुपार व्हायच्या आत गल्ली दाराशी.

टायरवाला पुढे होता. त्याच्या हातात सायकलची साखळी, बाकीच्यांकडे पाइप, एकाकडे रॉकेलचा डबा. नर्सला बाहेर काढा, असं ते ओरडत होते. मी आतल्या खोलीत चिमीला छातीशी धरून कपाटामागे बसले. हे लिहायला लाज वाटत नाही. पाइप डोक्यात कसा वाजतो ते मी जवळून ऐकलेलं आहे.

दारात तुझी बायको होती. चुलीवर आधणाचं पातेलं होतं, ते तिनं फडक्यानं उचलून दोन्ही हातांत धरलेलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"भाऊजी, मागे व्हा."

"वहिनी, तुमचीच पोरगी मरतेय आत."

"ती मेली तर मी बघेन. तुम्ही मागे व्हा."

"दादा सुटून आला की तुम्हाला विचारील."

"तुमच्या दादांची चिठ्ठी आहे. वाचता येते का तुम्हाला?"

मागून कुणीतरी हसलं. तेवढ्यानं टायरवाल्याचं डोकं फिरलं आणि त्यानं उंबऱ्यात पाय टाकला. तिनं पातेलं त्याच्या अंगावर ओतलं. त्याची किंचाळी मी आतून ऐकली, माझ्या कानात ती अजून आहे. छातीपासून खाली त्याची कातडी सुटली. पण पडता पडता त्यानं साखळी फिरवली आणि ती तुझ्या बायकोच्या तोंडावर बसली. समोरचे दोन दात गेले, खालचा ओठ फाटला. ती पडली नाही. रिकामं पातेलं तसंच हातात धरून उभी राहिली आणि तिच्या हनुवटीवरून रक्त पातेल्यात टपकत होतं.

रॉकेलवाल्यानं डबा भिंतीवर उपडा केला. काडी ओढायला गेला तेव्हा वरून वीट आली. गच्चीवर मोरीतल्या त्या बायका होत्या, ज्यांनी आपली पोरं टोचून घेतली होती. आपल्या नवऱ्यांवर, दिरांवर विटा टाकत होत्या. टायरवाल्याची स्वतःची बायकोसुद्धा. काडीवाल्याचा खांदा मोडला. ते पळाले, जाताना शिंपिणीची मशीन बोळात ओढून फोडून गेले.

पोलीस आले. मी तुझ्या बायकोचा ओठ शिवायला डॉक्टरीणबाईंना धरून आणलं. टाके घालताना पोलिसानं विचारलं, साखळी कुणी मारली. तिला नीट बोलता येत नव्हतं. तिनं सुई बाजूला करायला लावली आणि टायरवाल्याचं नाव घेतलं, बापाचंही घेतलं, घराचा पत्ता सांगितला.

मग माझ्याकडे बघून, तोंडात रक्त घोळवत म्हणाली, "वन्सं, मला दिसलं. समोर होता ना."

 माझ्या मनगटावर पाइप कुणी मारला हे ती विचारत नाही, कारण तिला माहीत आहे. त्या दिवशी तीही खिडकीत होती.

चिमीचा ताप आज सकाळी उतरला. ठिपके मावळले. तिनं एक अख्खं अंडं खाल्लं आणि दुसऱ्यासाठी आईचा पदर ओढला. आईनं सोलून दिलं. माझ्याकडे न बघता दिलं, पण दिलं.

ताई


२१ मार्च

ठेंगू,

हे पत्र साध्या टपालानं पाठवते आहे. तुरुंगात कुणी उघडून वाचलं तर वाचू दे. वकील आता माझी पत्रं नेणार नाहीत, आणि मीही त्यांच्या हाती देणार नाही.

कोर्टात काय झालं ते तू बघितलंस. तरी माझ्याकडून ऐक, कारण तू अर्ध्यातच कठड्यावरून उडी मारलीस आणि शेवटचं तुला ऐकू गेलं नसेल.

मला बघून तू मान हलवलीस. तुझ्या कपाळावरचे टाके अजून काढलेले नव्हते. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं. मी सांगितलं. गाडी अडवली, काच फोडली, काकांना कॉलर धरून खाली ओढलं. काका हात जोडून म्हणत होते, मी नुसता गाडी चालवतो रे बाबांनो. लसीच्या बाटल्या रस्त्यावर ओतल्या आणि लोक त्यांच्यावर नाचत होते. माझ्या भावानं पाइप उचलला. मी काकांच्या डोक्यापुढे हात घातला. पहिला घाव माझ्या मनगटावर बसला. भावानं मला बघितलं. माझ्याकडे बघत असतानाच त्यानं दुसरा मारला, तो काकांच्या कानावर बसला. काका पडले. पडल्यावर तिसरा.

इथं तू उडी मारलीस. जीव घेईन म्हणालास. मग पोलिसांनी तुला जमिनीवर दाबून धरलं आणि तुझा गाल फरशीला टेकला. लहानपणी ताप आला की तू असाच गार फरशीवर गाल टेकून झोपायचास.

तुझे वकील उठले. "मग इस्पितळात खोटं का बोललात?"

"भाऊ आहे म्हणून."

"आणि आता तो भाऊ नाही?"

"आताही आहे."

ते कागद गोळा करून खाली बसले.

सौदा मी मोडला. तू तुझ्या बाजूनं पाळलास, हे खरं आहे, आणि ते मी कुणापाशीही कबूल करेन. हो म्हटलं तेव्हा मी पाळायच्या इराद्यानंच म्हटलं होतं. तुला फसवायचं आधी ठरवलेलं नव्हतं. पण फाटक्या ओठानं नाव सांगणाऱ्या बाईच्या घरी रोज जायचं, तिच्या पोरीचं तोंड तपासायचं, आणि आपलं स्वतःचं तोंड बंद ठेवायचं, हे मला जमेना.

ती कोर्टात होती, चिमीला घेऊन मागच्या बाकावर. माझं बोलून झाल्यावर तिला शोधलं, तर बाक रिकामा. आईनं जिन्यात मला गाठून थोबाडीत मारली. म्हणाली, "मला मुलगी नाही." काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला नाही, आभारही मानले नाहीत. त्यांचा माणूस काही त्यामुळे परत येणार नव्हता.

त्यानंतर मी तुमच्या घरी गेलेले नाही. गल्लीत आणखी दोघं गेली, दोन्ही न टोचलेली. मोरीत टोचलेल्यांपैकी एकाला गोवर आला, हलका, त्याच्या आईनं त्याला खायला घालणं थांबवलं नाही, तो बरा झाला. बाकीची ठीक आहेत. डॉक्टरीणबाईंना आता ड्रायव्हर मिळालाय. गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, आत येत नाही.

काल दवाखान्यात वजन-उंचीचा दिवस होता. बायकांची रांग जिन्यापर्यंत. रांगेत तुझी बायको होती. मी आतून बघितलं, हाक मारली नाही. पुढे बोलावून घ्यावं असं वाटलं, तेही केलं नाही. तिची पाळी आली तेव्हा तिनं चिमीला काट्यावर बसवलं. दात गेल्यामुळे तिचं बोलणं बदललंय.

म्हणाली, "नर्सबाई, हिचं वजन करायचंय."

इतक्या वर्षांत तिनं मला कधी नर्सबाई म्हटलं नव्हतं. मी काटा बघितला. वजन वाढलं होतं, चांगलं वाढलं होतं. दंडाला कुपोषण मोजायची रंगीत फीत लावली, ती लालवरून पिवळ्यावर आली होती. हिरवं व्हायला अजून वेळ आहे. चिमीनं मला ओळखलं आणि दोन्ही हात वर केले. मी तिला उचलायच्या आधीच तिच्या आईनं उचललं.

"ह्यांना कळवा," ती म्हणाली. "मला लिहिता येत नाही, आत्याबाई लिहिणार नाहीत. पोरगी जगली एवढं लिहा."

"अजून काही लिहू?"

तिनं चिमीचं झबलं नीट केलं. मागच्या बाया खोळंबल्या होत्या.

"नको," म्हणाली, आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.

पोरगी जगली. उत्तर लिहायचं असेल तर तिला लिही, मला नको. कुणाकडून तरी वाचून घेईल ती.

ताई